एलीश्वाअक्काची आखाजी

मेथखेड्यात पाऊल ठेवलं त्या दिवशी सिस्टर एलीश्वा रडली, ती एका अक्षरापायी.

वय चोवीस. नर्सिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली, अंगावर पांढरी साडी, हातात पत्र्याची पेटी. केरळातल्या इरिंजालकुडाजवळच्या आपल्या गावातून तीन गाड्या बदलत ती चाळीसगावला उतरली होती. तिथून धुळ्याला, आणि धुळ्याहून एस.टी.नं नरडाण्याच्या पुढे बारा किलोमीटर. मिशनमधल्या कुणीतरी दिलेल्या चोपड्यातून "नमस्कार", "पाणी" आणि "कुठे दुखतं" एवढं मराठी ती पाठ करून आली होती. एस.टी. थांबली तशा पाचपंचवीस बाया भोवती जमल्या आणि तिच्याकडे बोट दाखवून एकेकीनं सुरू केलं. "नवी शे." "तरनी शे." "बारीक शे वं माय!"

आता मल्याळममध्ये "श्शे" म्हणजे आपल्याकडचं "शी!" पाय शेणात पडला, दूध नासलं, की तिकडच्या माणसाच्या तोंडून ते आपोआप निघतं. बिचारी एलीश्वा भल्यामोठ्या गर्दीत उभी, आणि अख्खं गाव तिच्या तोंडावर शी, शी करतंय. संध्याकाळी ती मिशनच्या मागच्या अंगणात बसून मुसमुसत होती. अकरा वर्षं तिथं काढलेली एक थोरली सिस्टर पाणी भरत होती, तिनं कारण विचारलं. ऐकल्यावर तिला इतकं हसू फुटलं की बादली खाली ठेवावी लागली.

"अगं वेडे," ती म्हणाली, "शे म्हणजे आहे. नवी आहे, तरुण आहे, बारीक आहे. इथं प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते येणार. रोज रडायचं ठरवलंस तर दवाखाना कधी चालवशील?"

एलीश्वानं डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवसापासून अहिराणी शिकायला घेतली. प्रमाण मराठी तिला कधीच धड आलं नाही. धुळ्याला कचेरीत गेली की तिथले लोक तोंड दाबून हसायचे, कारण या काळ्यासावळ्या परप्रांतीय नर्सबाई थेट गावच्या म्हातारीसारख्या बोलायच्या. तिला त्याची लाज नव्हती. ज्यांच्याशी बोलायचं, त्यांना कळलं म्हणजे झालं.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक लांबलचक ओसरी. ताप, खोकला, बाळंतपणं सगळं असायचं, पण तिचं खरं काम होतं मंगळवारचं. मंगळवारी कुष्ठरोगी यायचे. औषधानं रोग बरा व्हायचा. पण मेलेली संवेदना काही परत यायची नाही. पायाला चटका कळत नाही, काटा कळत नाही, जखम होते आणि चिघळते. म्हणून पाय भिजवायचा, कडक झालेली कातडी घासायची, तेल लावायचं, बोटाबोटांत बघायचं, आणि हे आयुष्यभर करायचं. यात मोठेपणाचं काही नाही, भांडी घासण्यासारखंच काम. फक्त दर मंगळवारी करायला पाहिजे.

सुकदेव तिच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा वीसेक वर्षांचा होता. हाताची बोटं आखडलेली. बाभळीचा काटा टाचेत घेऊन गडी दोन दिवस शेतात हिंडला होता आणि त्याला पत्ता नव्हता. एलीश्वा पाटावर बसली, पाण्याचं घमेलं पुढं ओढलं आणि त्याचा पाय मांडीवर घ्यायला गेली. त्यानं विंचू चावल्यागत पाय मागं घेतला.

"नका, सिस्टर! बाईमानूसना हात पायले? माले पाप लागी."

तिला म्हणायचं होतं, "तुझा पाय बघणं हे माझं काम आहे." पण अहिराणी शिकून महिनाच झालेला, त्यात घाई. मधलं "काम" गळून गेलं आणि ती ठासून म्हणाली, "तुना पाय मना शे!"

तुझा पाय माझा आहे. एक म्हातारी फिस्सकन हसली आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हशा पसरला. सुकदेवही हसला. घरच्यांनी त्याचं ताट वेगळं केल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. त्याचं काहीही कुणाला आपलं म्हणायचं नव्हतं. हसता हसता त्यानं पाय पुढं केला.

तेव्हापासून ते वाक्य गावाचं झालं. मंगळवारी ओसरीवर आलेला माणूस रामराम करायचा नाही. पाय पुढं करून म्हणायचा, "अक्का, तुमना पाय लई उनू." तुमचा पाय घेऊन आलो. सिस्टरची अक्काही केव्हा झाली ते कुणाच्या लक्षात नाही.

अशी सेहेचाळीस वर्षं गेली. नरडाण्याचे कापडवाले लखीचंदशेठ घरातल्या जुन्या सुती साड्या आणि धोतरं धुऊन, घड्या घालून पट्ट्यांसाठी पाठवायचे, आणि स्वतः आले की चिडवायचे, "अक्का, तुमचं सगळं आम्हा जैनांसारखंच चालतं. तेवढी मासळी सोडा म्हणजे झालं." ती म्हणायची, "शेठ, आठे मासळी भेटस कोठे? तुम्ही न सांगताच सुटनी." एकदा कुणाकडे आलेल्या शहरी पाहुण्यानं ओसरीवर सर्वांदेखत विचारलं, इतक्या वर्षांत किती जणांना बाटवलंत? अक्का काही बोलायच्या आत सुकदेव म्हणाला, "आम्हीनच तिले बाटाडं. भात खाये ती, आते कळन्यानी भाकर खास." पाहुण्यालाही हसावं लागलं. आणि ते काही खोटं नव्हतं. एलीश्वाची प्रार्थना पहाटे तिच्या खोलीत व्हायची, ती कधी चुकली नाही. पण ज्वारी-उडदाच्या त्या कळण्याच्या भाकरीशिवाय आणि ठेच्याशिवाय तिचा दिवसही जायचा नाही.

गेल्या वर्षी दिवाळी सरली आणि पत्र आलं. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या सिस्टरांनी केरळातल्या विश्रामगृही यावं, असा त्यांच्या संघाचा नियम. पत्र प्रेमानं लिहिलेलं होतं. आता आराम करा, तुम्ही खूप केलंत.

एलीश्वाला जायचं नव्हतं. सरळ सांगायचं तर तिला मेथखेड्यातच म्हातारं व्हायचं होतं आणि तिथंच मरायचं होतं. पण सिस्टर होताना आज्ञापालनाचा शब्द दिलेला. आणि दवाखान्याची सबबही सांगता येत नव्हती. झारखंडहून एक तरुण सिस्टर आलेली होती, आणि मंगळवारचं काम तर गावातली सुनंदाबाई वीस वर्षं तिच्या बरोबरीनं करत होती, कधीकधी तिच्याहून चांगलं. पट्ट्या उकळत ठेवल्या असताना एलीश्वा तिच्यापाशी एकदाच बोलली, "माले जावानं नही वं, सुनंदा."

"मंग नका जाऊ."

"शब्द देयल शे."

सुनंदाबाईनं चिमट्यानं पट्ट्या खालीवर केल्या. दिलेला शब्द म्हणजे काय हे तिला समजत होतं.

निघायच्या दिवशी ओसरीवर बाया जमल्या आणि एक मोठाच पेच पडला. बाईमाणूस गावातून निघाली आहे, तिला नुसतं कसं पाठवायचं? ओटी भरायला हवी. एक म्हणाली, सिस्टरची ओटी कशी भरणार, तिचं लग्न कुठं झालंय? दुसरी म्हणाली, आणि ती चालली आहे आपल्या माहेरी, जन्मगावाकडे. माहेरी जाणारीची ओटी इकडून कशाला? बराच वेळ खल झाला. शेवटी सुनंदाबाईनं निकाल दिला.

"कसानं माहेर? तठे तिनं आते कोन शे? अक्का सासरले जाई राह्यनी. भरा ओटी."

तांदूळ, खणाचा कपडा, हळकुंड आणि नारळ. एलीश्वानं पांढऱ्या साडीचा पदर पसरला आणि घेतलं. गंमत बघा, जिथं वाटेनं चालताना डोक्यात नारळ पडायची भीती, त्या केरळात ही बाई खानदेशातला नारळ पिशवीत जपून घेऊन गेली. विश्रामगृहातल्या सिस्टरा पोट धरून हसल्या. पण तिनं तो फोडू दिला नाही. कपाटात कपड्यांच्या मागं ठेवून दिला.

तिथं वाईट काहीच नव्हतं, हे सांगायला हवं. स्वच्छ खोली, खिडकीबाहेर फणसाचं झाड, प्रार्थनेला सोबत, दोन्ही वेळेला आयतं ताट. तिनं मागच्या वाफ्यात मिरच्या लावल्या. मधुमेह झालेल्या चारपाच म्हाताऱ्या सिस्टरांचे पाय तिनं पहिल्याच आठवड्यात हेरले, आणि मंगळवारी घमेलं घेऊन त्यांच्यापुढं बसायला लागली. काम मिळालं की ती खूश असायची.

घोळ झाला तो जिभेचा. विश्रामगृहाच्या प्रमुख, मदर रेमीजिया, फार नेटक्या आणि जरा हळव्या बाई. त्यांनी नव्या सिस्टरसाठी म्हणून स्वतः माशाची आमटी केली, ताटात वाढली आणि तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. एलीश्वानं घास घेतला. सेहेचाळीस वर्षांनी लहानपणची चव. ती डोळे मिटून मनापासून म्हणाली, "चांगलं शे!"

"चांगलं" मदरना कळायचं कारण नव्हतं. "श्शे" मात्र स्वच्छ ऐकू आलं. त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. एलीश्वाच्या ते ध्यानातही आलं नाही. मग कधी खोलीबद्दल, कधी फुलांबद्दल, अशीच ती पुटपुटत राहिली, आणि सगळीकडे झालं की या खानदेशवाल्या सिस्टरला इथलं काहीएक पसंत नाही. शेवटी एकीनं तिला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही सारखं शी शी का करता? एलीश्वा इतकी ओशाळली की तिला धड खुलासाही करता आला नाही. "जुनी सवय," एवढंच म्हणाली आणि तेव्हापासून तोंड आवरून राहू लागली. अहिराणीत बोलायला कुणी नाही, आणि मल्याळम बोलताना सारखी भीती. भाकरी नसण्यापेक्षाही तिला ते जड गेलं.

एप्रिलच्या सुरुवातीला मदरनी सर्वांना फॉर्म वाटले. वर्षातून पंधरा दिवस घरी जायची सुटी मिळे. नियम एवढाच, की सत्तरीच्या पुढच्या सिस्टरनं एकटीनं प्रवास करायचा नाही; घरचं कुणीतरी न्यायला आलं पाहिजे. एलीश्वाचे दोन्ही भाऊ वारलेले, घर विकलेलं, तिथं आता चुलत पुतण्यांनाही ती ओळखू येत नव्हती. फॉर्मवर "घरचा पत्ता" अशी ओळ होती. तिच्या मनात पटकन जे आलं ते तिनं लिहिलं नाही. ती ओळ कोरीच सोडली आणि फॉर्म परत दिला.

"कुणीच नाही?" मदरनी विचारलं.

"न्यायला येणारं नाही कुणी," एलीश्वा म्हणाली.

त्या दुपारी मिरच्यांना पाणी घालताना तिला रडू आलं. मेथखेड्यात आता आखाजीची तयारी सुरू असेल. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण खानदेशात तो लेकींचा सण. निंबाला झोके बांधायचे, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस, आणि सासरी गेलेली एकूणएक पोर माहेरी आणायची. ती आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस तिला घ्यायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. सेहेचाळीस आखाज्या एलीश्वानं ओसरीवरून पाहिल्या होत्या. गावाचे मुराळी चारी दिशांना निघायचे आणि पोरी खिदळत परत यायच्या. हे सगळं तिला पाठ होतं, आणि तरी एक साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. ज्या गावानं ओटी भरून सासरी पाठवलं, त्या गावावर पहिल्या आखाजीला मुराळी पाठवणं येतंच.

मेथखेड्यात मात्र त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. फक्त कुणी जायचं एवढाच प्रश्न होता, आणि सुकदेव म्हणाला, मी जातो, माझा मंगळवार सगळ्यांत जुना. लखीचंदशेठची नात प्रियल हिनं मोबाईलवरून जळगावहून सरळ केरळला जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढून दिलं आणि पत्ता मल्याळममध्ये कागदावर उतरवून दिला. सासष्ट वर्षांचा सुकदेव, जो धुळ्याच्या पलीकडे कधी गेला नव्हता, तो डोक्याला पांढरी टोपी घालून निघाला.

आखाजीच्या पाच दिवस आधी, मंगळवारीच, एलीश्वा मागच्या पडवीत एका सिस्टरच्या पायाला तेल लावत होती. तेवढ्यात मदर रेमीजिया तरातरा आल्या. चेहरा लाल.

"सिस्टर एलीश्वा, बाहेर कुणी माणूस आलाय. एक अक्षर कळत नाही. पण माझ्याकडे बघून तीनदा श्शे म्हणाला! तुमच्याच बाजूचा असणार."

एलीश्वाच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. ती तशीच ओल्या हातांनी पुढच्या व्हरांड्याकडे निघाली, सत्तरीतही जवळजवळ धावतच. वळणावर पोचायच्या आधीच तिला आवाज ऐकू आला. सुकदेव दारातल्या सिस्टरांना हातवारे करून, मोठमोठ्यानं, म्हणजे मोठ्यानं बोललं की परक्याला कळतं अशा समजुतीनं, सांगत होता, "आखाजी शे! अक्काले लेवाले उनू! अक्का आमनी शे!"

तिला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम. खांबाला धरून ती हसत उभी राहिली. सुकदेवनं तिला पाहिलं.

"दखा, कितली वाळी गई," तो म्हणाला. "चाला. मी मुराळी शे."

मदर मागोमाग आल्याच होत्या. "हा कोण?"

"मला न्यायला आलाय," एलीश्वा म्हणाली. "घरी."

मदरनी तिचा कोरा फॉर्म आणवला. टेबलाशी बसून त्यांनी सुकदेवची टोपी, रबरी चपला आणि आखडलेली बोटं निरखून पाहिली. "न्यायला येणाऱ्याशी नातं काय, ते लिहावं लागेल."

एलीश्वानं सुकदेवला विचारलं. त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. "भाऊ," तो म्हणाला. "आखीन काय?"

"भाऊ?" मदर म्हणाल्या. "सिस्टर, तुमचे भाऊ वारले."

"नियमात सख्खा असं लिहिलेलं नाही, मदर."

मदरनी चष्मा लावून नियम पुन्हा वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं. एलीश्वानं कोऱ्या ओळीवर पत्ता लिहिला, मुक्काम मेथखेडे, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. सुकदेवनं दोन्ही तळव्यांच्या मध्ये पेन धरलं, जसं तिनंच त्याला कधीकाळी ओसरीवर शिकवलं होतं, आणि सावकाश सही केली. मदर त्या हातांकडे बघत राहिल्या. मग जरा चाचरत म्हणाल्या, "पण तो शी कशाला म्हणत होता?"

आता एलीश्वाला सांगणं भागच होतं. शे म्हणजे आहे, एवढंच. मदरच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हणजे त्या दिवशी माझी आमटी..."

"चांगली होती, मदर. फार चांगली होती. तेच म्हणाले होते मी."

मदर रेमीजिया तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आणि हा काय म्हणत होता? दारात?"

"अक्का आमची..." एलीश्वानं सुरुवात केली, आणि पुढचा साधासा शब्द तिच्या तोंडून निघेना. तिनं पदरानं डोळे पुसले.

सुकदेवला मल्याळम कळत नव्हतं, पण अक्का रडते आहे हे दिसत होतं. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला, चप्पल काढली आणि पाय पुढं केला.

"अक्का, मंगळवार शे," तो म्हणाला. "तुमना पाय लई उनू."

ती खाली पायरीवर बसली. दीड दिवसाच्या प्रवासाचा तो पाय तिनं मांडीवर घेतला, टाच बघितली, एकेक बोट सोडवून मधली जागा बघितली, अंगठ्यानं कडा चाचपली. जखम कुठंच नव्हती. सुनंदाबाईचा हात बसलेला दिसत होता.

"बरा शे," एलीश्वा म्हणाली.

"शे," मदर रेमीजियांनी मान डोलावली, आणि फॉर्मवर सही केली.